‘इलियड’चा चोविसावा सर्ग आणि आधुनिक संवेदना

१

होमरच्या महाकाव्यांचा आधुनिक संस्कृतीवरील प्रभाव हा विषय इतका रूढ झालेला आहे की, त्याची चर्चा बहुधा नामावळीच्या स्वरूपाची होते. जेम्स जॉइसने डब्लिन शहरातील एका दिवसाची कथा १९२२ साली ‘युलिसिस’ या नावाने प्रसिद्ध केली. निकोस काझांट्झाकिसने १९३८ साली ‘ओडिसी’ची उत्तरकथा ३३,३३३ ओळींत रचली. डेरेक वॉलकॉटने १९९० सालच्या ‘ओमेरॉस’मध्ये सेंट लुशिया बेटावरील कोळ्यांना होमरच्या वीरांची नावे दिली. अशा नोंदी करीत गेल्यास यादी लांबत जाते. परंतु प्रभाव म्हणजे नेमके काय, हा प्रश्न यादीच्या अखेरीसही तसाच उरतो. नाव, कथानक किंवा आराखडा उसना घेणे हे प्रभावाचे बाह्य चिन्ह होय. ते चिन्ह असूनही प्रभाव उथळ असू शकतो.

लोकव्यवहारातील होमर पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. एखाद्या बलवानाच्या मर्मस्थानाला ‘अकिलीसची टाच’ म्हणावे आणि कपटाने आत शिरलेल्या संकटाला ‘ट्रोजन घोडा’ म्हणावे, हे आज जगातील अनेक भाषांत रूढ आहे. तथापि या दोहोंपैकी एकही गोष्ट ‘इलियड’मध्ये नाही. लाकडी घोड्याचे उल्लेख ‘ओडिसी’त येतात आणि त्याची सविस्तर कथा व्हर्जिलच्या ‘ईनीड’च्या दुसऱ्या सर्गात आहे. मातेने अकिलीसला स्टिक्स नदीत बुडविल्याची हकीकत तर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील स्टेशियस या लॅटिन कवीच्या काव्यापर्यंतच मागे नेता येते. म्हणजे ज्याला सामान्यतः होमरचा प्रभाव समजले जाते, त्यातील बराचसा भाग ट्रॉयच्या कथाचक्राचा प्रभाव आहे. काव्याचा म्हणून जो प्रभाव असेल, तो अन्यत्र शोधावयास हवा.

तो शोधण्याचा एक मार्ग असा की, एकच प्रसंग घ्यावा आणि निरनिराळ्या काळांतील लेखकांनी त्याच्याशी कोणता व्यवहार केला ते पाहावे. ‘इलियड’च्या चोविसाव्या म्हणजे अखेरच्या सर्गातील प्रायम आणि अकिलीस यांच्या भेटीचा प्रसंग यासाठी विशेष उपयुक्त आहे. गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत या एका रात्रीकडे युरोपीय लेखक पुनःपुन्हा वळले आहेत, आणि ते परस्परांहून फार भिन्न असे निष्कर्ष घेऊन परतले आहेत. त्या निष्कर्षांची मूळ काव्याच्या आधारे परीक्षा करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम मूळ प्रसंग ध्यानात घेतला पाहिजे. आपला जिवलग मित्र पॅट्रोक्लस याला हेक्टरने मारले, म्हणून अकिलीसने हेक्टरचा वध केला. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. तो हेक्टरचे प्रेत रथाला बांधून पॅट्रोक्लसच्या समाधीभोवती फरफटत नेत राहिला. देवांनाही हे असह्य झाले, आणि प्रेत परत देण्याविषयी झ्यूसची आज्ञा अकिलीसला त्याच्या मातेकडून कळविण्यात आली. वृद्ध प्रायम एका सारथ्याला बरोबर घेऊन, हर्मीस देवाच्या साहाय्याने, रात्री शत्रूच्या गोटात येतो. अकिलीसचे गुडघे धरून, ज्या हातांनी आपले अनेक पुत्र मारले त्या हातांचे तो चुंबन घेतो, आणि त्याला त्याच्या स्वतःच्या वृद्ध पित्याची आठवण करून देतो. अकिलीस त्याचा हात धरून त्याला हळुवारपणे दूर करतो. मग दोघेही रडतात: प्रायम हेक्टरसाठी, आणि अकिलीस क्षणात पित्यासाठी तर क्षणात पॅट्रोक्लससाठी.

या प्रसंगाचे स्थान संपूर्ण काव्याच्या रचनेत पाहिले पाहिजे. पहिल्या सर्गाच्या आरंभी एक पिता आपल्या मुलीच्या सुटकेसाठी खंडणी घेऊन ग्रीकांच्या गोटात येतो. तो क्रायसीस हा पुजारी होय. अ‍ॅगमेम्नॉन त्याला हाकलून देतो, आणि तेथून सर्व अनर्थाला आरंभ होतो. अखेरच्या सर्गात दुसरा पिता मुलाच्या प्रेतासाठी खंडणी घेऊन त्याच गोटात येतो, आणि त्याचा स्वीकार होतो. सुमारे १५,७०० ओळींचे हे काव्य अशा रीतीने एका धिक्कारलेल्या याचनेपासून एका मान्य झालेल्या याचनेपर्यंत जाते. अकिलीसच्या क्रोधाने सुरू झालेल्या काव्याचा शेवट त्याच्या विजयाने होत नाही, त्याच्या मृत्यूनेही होत नाही. तो शत्रूच्या अंत्यविधीने होतो.

या भेटीतील तीन तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला, अकिलीसचे मन पूर्णपणे शांत झालेले नाही. प्रायम घाई करू लागताच तो त्याला संतापून दटावतो. प्रेत धुण्याचे काम तो दासींना प्रायमच्या नजरेआड करावयास सांगतो. कारण मुलाला पाहून म्हाताऱ्याचा क्रोध अनावर झाला, तर आपलाही तोल जाईल आणि आपल्या हातून त्याचा वध होईल, असे त्याला भय वाटते. दुसरा, ठरलेला युद्धविराम मुदतीचा आहे. नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी अंत्यविधी, अकराव्या दिवशी समाधी, आणि भाग पडल्यास बाराव्या दिवशी पुन्हा युद्ध, अशी मागणी स्वतः प्रायमच करतो. तिसरा तपशील बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटतो. भोजनानंतर प्रायमची शय्या बाहेर घातली जाते आणि अकिलीस आतल्या भागात झोपतो. त्याच्या शेजारी ब्रिसेइस असते. जिच्यावरून हा सर्व कलह माजला ती बंदिवान स्त्री त्या रात्री त्याच निवाऱ्यात आहे, हे कवी एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो.

३

आधुनिक काळात या काव्याकडे पाहण्याची दृष्टी ज्या एका निबंधाने बदलली तो सिमोन वेल या फ्रेंच विदुषीचा होय. जर्मन सैन्याने फ्रान्स जिंकल्यानंतर मार्सेय येथील ‘काय्ये द्यु स्यूद’ या नियतकालिकात १९४० च्या डिसेंबर आणि १९४१ च्या जानेवारी महिन्यांत तो दोन भागांत प्रसिद्ध झाला. लेखिका ज्यू कुलातील असल्याने त्यावर एमिल नोव्हिस हे तिच्याच नावाची अक्षरे फिरवून तयार केलेले टोपणनाव होते. ‘इलियड’चा खरा नायक बळ आहे, अकिलीस किंवा हेक्टर नव्हे, हे तिचे प्रतिपादन. बळ ज्याच्यावर चालते त्याला ते जिवंतपणीच वस्तू बनविते. आणि जो ते चालवितो त्यालाही ते आंधळे करून अखेर आपल्या दावणीला बांधते. कवी या नियमातून ग्रीकांना वगळत नाही व ट्रोजनांनाही वगळत नाही.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकास या प्रतिपादनाची जात ओळखीची वाटेल. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात महाभारताचा प्रधान रस शांत आहे असे ठरविले, ते युद्धवर्णनांचे प्रमाण मोजून नव्हे. ग्रंथाचा शेवट कोठे होतो आणि त्या शेवटाच्या प्रकाशात आधीचे सर्व पराक्रम कसे दिसतात, हे त्याने पाहिले. वेलनेही ‘इलियड’च्या वीररसाला अंतिम मानले नाही. ज्या काव्याचा उपयोग शतकानुशतके पराक्रमाचे पाठ देण्यासाठी होत आला, त्याचे तात्पर्य तिने पराक्रमाच्या विरुद्ध बाजूस शोधले.

तथापि या निबंधाची मर्यादाही चोविसाव्या सर्गातच दिसून येते. अकिलीसने प्रायमला दूर सारले, या कृतीचा वेलने लावलेला अर्थ असा की, याचना करणारा माणूस दुसऱ्याच्या बळाखाली इतका वस्तुवत् झालेला असतो की, त्याला बाजूला करताना तो कोणी समोर आहे याचे भानही उरत नाही. होमरने मात्र येथे ‘हळुवार’, ‘अलगद’ अशा अर्थाचे क्रियाविशेषण योजलेले आहे आणि अकिलीस प्रायमचा हात धरतो असेही म्हटलेले आहे. वस्तूला कोणी हाताला धरून अलगद दूर करीत नाही. पुढच्याच वाक्यात दोघे एकत्र रडू लागतात. म्हणजे ज्या ठिकाणी वेलला बळाची परिसीमा दिसली, त्याच ठिकाणी कवीने बळाची पकड सैल होत असल्याची खूण ठेविली आहे. १९४० च्या युरोपात त्या खुणेकडे दुर्लक्ष होणे अस्वाभाविक नव्हते; परंतु सिद्धान्त एका क्रियाविशेषणाच्या वर चढू लागला म्हणजे काव्य मागे पडते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

वेलने जे तत्त्व म्हणून मांडले ते पुढे रुग्णांच्या अनुभवाशी ताडून पाहिले गेले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या कथनांत अकिलीसच्या कथेचा क्रम ओळखला: वरिष्ठाने केलेला न्यायाचा भंग, जिवलग सोबत्याचा मृत्यू, आणि त्यानंतरचा बेभान संहार. ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे त्यांचे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. शोक एकट्याने गिळला तर तो संहाराचे रूप घेतो. तो इतरांसमोर बोलता आला आणि इतरांनी तो ऐकला, तरच माणूस सावरण्याची शक्यता असते, हे त्या पुस्तकाचे एक मुख्य सूत्र आहे. पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतर अन्न वर्ज्य करणारा अकिलीस प्रायमबरोबर जेवावयास बसतो, या साध्या घटनेचे गांभीर्य अशा वाचनामुळे नव्याने लक्षात येते.

४

ज्या वर्षी शे यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी हा प्रसंग एका वेगळ्या संघर्षात उच्चारला गेला. उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या हिंसाचारात सुमारे ३,५०० माणसे मारली गेली. आयरिश रिपब्लिकन आर्मीने ३१ ऑगस्ट १९९४ रोजी युद्धविराम जाहीर केला, आणि त्याच आठवड्यात, ३ सप्टेंबर रोजी, बेलफास्टचे कवी मायकेल लाँगली यांचे ‘सीझफायर’ हे सुनीत ‘आयरिश टाइम्स’मध्ये छापून आले. त्यात बेलफास्टचा उल्लेख नाही, दोन्ही पक्षांपैकी कोणाचे नाव नाही. केवळ प्रायम, अकिलीस आणि हेक्टरचे प्रेत आहे. वाचकांना त्याचा संदर्भ सांगावा लागला नाही.

चौदा ओळींत चोविसावा सर्ग बसविताना लाँगली यांनी दोन महत्त्वाचे बदल केले आहेत. होमरच्या काव्यात हातांचे चुंबन ही भेटीतील पहिली कृती आहे. त्यानंतर अश्रू, संताप, भोजन आणि निद्रा येतात. सुनीतात ती अखेरच्या दोन ओळींत, प्रायमच्या तोंडी, येते. जी कृती याचनेचा आरंभ होती ती समेटाचा निष्कर्ष बनते. दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. अकिलीस प्रेत धुववून घेतो ते मूळ काव्यात स्वतःच्या क्रोधाच्या भीतीने. सुनीतात ते वृद्ध राजाकरिता म्हणून घडते. भयाच्या जागी सौजन्य येते. बाराव्या दिवसाचा उल्लेखही तेथे नाही.

हे बदल दोष म्हणून मोजावेत काय? सुनीत हा एका क्षणाचा आकार आहे. त्याने सर्गाचा सर्व भार वाहावा अशी अपेक्षा रास्त नव्हे. शिवाय ज्या समाजात सूड हीच सवय झाली होती, तेथे चुंबनाला अंतिम स्थान देणे ही इतिहासाची नोंद नसून कवीने व्यक्त केलेली इच्छा होती. पण जे वगळले गेले ते घटनांनी परत आणले. तो युद्धविराम १९९६ च्या फेब्रुवारीत लंडनमधील स्फोटाने मोडला, १९९७ च्या जुलैत पुन्हा जाहीर झाला, आणि १० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. होमरचा बाराव्या दिवसाचा हिशेब हा निराशेचा उद्गार नव्हता. समेट किती ठिसूळ असतो याचे ते ज्ञान होते. सुनीत वाचून जो वाचक मूळ सर्गाकडे परत जातो त्याला त्या ज्ञानाची किंमत अधिक कळते. या अर्थाने अपुरे अनुकरणही मुळाची सेवा करते.

५

वेल आणि लाँगली यांच्या वाचनांत मोठा फरक असला तरी दोघांच्याही दृष्टीसमोर दोन पुरुष आहेत. पॅट बार्कर यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ या २०१८ सालच्या कादंबरीने त्या निवाऱ्यातील तिसऱ्या व्यक्तीकडे लक्ष वळविले. कादंबरीचा बहुतांश भाग ब्रिसेइस सांगते. शत्रूच्या हातांचे चुंबन घेऊन आपण पूर्वी कोणी न केलेली गोष्ट करीत आहो, असे प्रायम म्हणतो तेव्हा ती मनाशी म्हणते की, आपण तर अगणित स्त्रियांना करावी लागलेली गोष्ट करीत आहो; पतीला व भावांना मारणाऱ्याच्याच शय्येवर आपल्याला जावे लागले आहे. या एका विचाराने जगप्रसिद्ध प्रसंगाची उंची कमी होत नाही, पण त्याची मर्यादा प्रथमच डोळ्यांत भरते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, हा आजच्या मूल्यांचा प्राचीन काव्यावर केलेला आरोप आहे. आक्षेप तत्त्वतः गंभीर आहे. म्हणून त्याचे उत्तर काव्यातूनच दिले पाहिजे. संपूर्ण ‘इलियड’मध्ये ब्रिसेइस एकदाच बोलते, एकोणिसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या प्रेतावर विलाप करताना. अकिलीसने पतीला मारले, त्याच दिवशी तीन भाऊही गेले, आणि त्या वेळी पॅट्रोक्लसनेच आपल्याला रडू दिले नाही, असे ती सांगते. त्यानंतर कवी असे निवेदन करतो की, भोवतालच्या इतर बंदिवान स्त्रियाही रडू लागल्या: दिसावयास पॅट्रोक्लससाठी, प्रत्यक्षात प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. हे निवेदन कोणा आधुनिक लेखिकेचे नाही. रडण्याचीही परवानगी दुसऱ्याच्या प्रेताच्या निमित्तानेच मिळावी, ही दासीपणाची स्थिती होमरने पाहिलेली होती.

काव्याच्या रचनेचा विचार केल्यास ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. पहिल्या सर्गातील मुलीसाठी खंडणी घेऊन येणारा पिता आहे. अखेरच्या सर्गातील प्रेतासाठी खंडणी घेऊन येणारा पिता आहे. ब्रिसेइससाठी कोणीही येत नाही. जे आले असते ते मारले गेलेले आहेत. ‘इलियड’च्या दोन टोकांना जोडणाऱ्या याचनेच्या सूत्रात तिला स्थान नाही, आणि तरीही दोन्ही टोकांना ती उपस्थित आहे. बार्कर यांनी ही पोकळी निर्माण केलेली नाही. त्यांनी ती दाखवून दिली आहे. याच्या उलट उदाहरण म्हणून २००४ सालचा ‘ट्रॉय’ हा चित्रपट पाहता येतो. त्यात ब्रिसेइसला प्रायमच्याच कुळातील मुलगी केलेले आहे आणि त्या रात्री ती त्याच्याबरोबर घरी परतते. तेथेही पोकळी जाणवलेली आहे, पण ती जाणवताच सोयीने बुजवलेली आहे.

हीच परीक्षा अ‍ॅलिस ऑस्वल्ड यांच्या ‘मेमोरियल’ या २०११ सालच्या काव्यास लावता येईल. ‘इलियड’मधील कथानक काढून टाकून त्यांनी केवळ मृतांची नावे, त्यांच्या मृत्यूंची छोटी वृत्ते आणि होमरच्या उपमा ठेविल्या. काव्याच्या आरंभी दोनशेहून अधिक नावे एकाखाली एक येतात. पहिले प्रोटेसिलॉसचे, शेवटचे हेक्टरचे. वरवर पाहता हे मूळ काव्याचे खंडन वाटते. परंतु मरणाऱ्या प्रत्येक क्षुल्लक योद्ध्यालाही आई, बाप किंवा गाव देण्याची रीत होमरचीच आहे. चौथ्या सर्गात पडणारा सिमोइसिअस हा सिमोइस नदीच्या काठी जन्मला होता, म्हणून त्याचे ते नाव. आणि पडतो तो तोडलेल्या पॉपलर वृक्षासारखा. अकिलीसच्या क्रोधाची कथा बाजूला केली असता जे उरते तेही होमरच असते, हे ऑस्वल्ड यांनी सिद्ध केले.

६

या सर्व उदाहरणांवरून प्रभावाचा एक निकष सुचतो. उत्तरकालीन कृतीने पूर्वकृतीतून किती उचलले, यापेक्षा तिने वाचकाला पूर्वकृतीतील कोणत्या ओळीकडे परत पाठविले, हे अधिक महत्त्वाचे आहे. वेलच्या निबंधामुळे अकिलीसच्या हाताची हालचाल पुन्हा वाचावी लागते, आणि ती वाचताना खुद्द वेलचे विधानही तपासावे लागते. लाँगली यांच्या सुनीतामुळे बारावा दिवस आठवतो. बार्कर यांच्या कादंबरीमुळे निद्रेच्या वर्णनातील एक ओळ, जी शतकानुशतके केवळ प्रसंगाची समाप्ती म्हणून वाचली गेली, काव्यातील सर्वांत अस्वस्थ करणारी ओळ ठरते.

आर्ष महाकाव्य आणि विदग्ध महाकाव्य यांतील भेद सांगताना आर्ष महाकाव्याचा विस्तार, त्याची सामूहिकता व भव्यता यांवर सामान्यतः भर दिला जातो. ‘इलियड’च्या आधुनिक इतिहासावरून त्यात आणखी एका लक्षणाची भर घालावयास हवी. असे काव्य आपल्या नायकाहून अधिक पाहते. अकिलीसला जे दिसत नाही ते कवीला दिसते, आणि जे तो नुसते पाहून पुढे जातो ते पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहते. म्हणूनच त्याच्याशी वाद घालणारेही त्याच्याच साधनांनी वाद घालतात.

चोविसाव्या सर्गात समेट आहे, पण तो दोन पुरुषांचा, एका प्रेतापुरता आणि मुदतीचा आहे. होमरने यांपैकी एकही गोष्ट लपविलेली नाही. आधुनिक मनाने त्यातील कधी शोक, कधी क्षमा, कधी अन्याय तेवढाच वेचून घेतला. हे तिन्ही एकाच छपराखाली, एकाच रात्री, एकमेकांना न पुसता राहू शकतात, हे मात्र अद्यापि मूळ काव्यातच पाहावे लागते. पश्चिमेकडील लेखक त्या निवाऱ्याकडे वारंवार का परततात, याचे कारण बहुधा हेच असावे.